टक्का म्हणजे टक्का

"पैशातलं काही असेल ना, तर मला विचारा!"

दातवाल्यांचं हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. मुळात त्यांना कुणी काही विचारत नसे, पण तेवढ्यासाठी ते थांबत नसत. सलूनमध्ये गालाला साबण लागलेला असतानाही ते महागाईवर बोलत, आणि सलूनवाला वस्तरा हवेत धरून मान डोलावत उभा राही. बायकोची मावशी हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती, तर हे तिच्या नाकातल्या नळीशेजारी स्टूल ओढून बसले आणि मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर किती नुकसान होतं ते तिला समजावू लागले. मावशी दुसऱ्या दिवशी गेली. पण ठेव मोडली नाही, हे दातवाले आजही अभिमानाने सांगतात!

दातवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते दात बनवत, म्हणून दातवाले. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथून पेशंटच्या जबड्याचं माप खाली येई आणि खालच्या खोलीत त्याची कवळी तयार होई. एकच खोली, पण तिच्यात सगळं होतं. खिडकीखाली लांब टेबल, एका टोकाला मेण वितळवायची चूल, दुसऱ्या टोकाला पॉलिशची मोटर, आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकायचा, कारण एवढी तोंडं एकदम हसताना कुणी पाहिलेली नसतात.

खोली बायकोची होती. तिचे वडील तिथे घड्याळं दुरुस्त करायचे. जाण्याआधी त्यांनी ती मुलीच्या नावावर केली आणि म्हणाले, "तुझी म्हणून एक जागा असू दे." एवढंच म्हणाले. भिंतीवर घड्याळं टांगायच्या त्यांच्या खुंट्या अजून होत्या. बायको त्यांना मेणाच्या सुऱ्या अडकवायची.

दातवाल्यांचा हात चांगला होता, यात वाद नाही. पण कवळी तोंडात बसली की नाही हे बघायचं काम बायकोचं. पेशंटला ती खुर्चीत बसवी, दातांमध्ये निळा कागद ठेवी आणि चावायला सांगी. जो दात किंचित उंच असेल त्यावर निळा ठिपका उमटतो. तेवढं घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा चावा. आणि दर वेळी ती विचारायची, "टोचतंय का? कुठे टोचतंय?"

या प्रश्नावर पुरुष पेशंटांचं एकच उत्तर असे, "एकदम मस्त!" हिरडी सोलून निघत असली तरी मस्त! मग तोच गृहस्थ दोन दिवसांनी गाल धरून हजर, आणि वर म्हणणार, "तुम्ही नीट विचारलंच नाही." बायकांचं उलट. त्या म्हणत, "नक्की सांगता येत नाही हो, पण इथे कुठेतरी काहीतरी आहे." मग ते कुठेतरी सापडेपर्यंत बायको कागद बदलत राही. दातवाले मोटरवरून ओरडत, "अगं, किती विचारशील? माणसाला खाऊन टाकशील!"

तर या दातवाल्यांच्या डोक्यात भट्टी शिरली.

दातांवर बसवायच्या चिनीमातीच्या कॅपा भाजायची भट्टी. कॅपांची कामं ते तोवर शहरातल्या मोठ्या लॅबकडे पाठवत आणि त्यातला मलिदा लॅबवाले खात. भट्टी आपली असली की मलिदा आपला! हिशेब अगदी सरळ होता. फक्त पाच लाख हवे होते.

ते बँकेत गेले. बँकेतली बाई फारच विचारत होती. उत्पन्न किती? "भरपूर!" खर्च किती? "किरकोळ!" नक्की आकडा? "अहो, धंदा आहे, आकडा कुठे एका जागी बसतो?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, तीन वर्षांचे हिशेब आणायला सांगितले आणि व्याज अकरा टक्के पडेल म्हणाल्या. दातवाले तरातरा बाहेर आले. अकरा टक्के! दिवसाढवळ्या दरोडा!

त्याच आठवड्यात शेठ नव्या कवळीसाठी खुर्चीत बसले होते. शेठचं गल्लीच्या टोकाला फरशांचं दुकान होतं, पण तिथून फरशी घेऊन बाहेर पडताना कुणाला कुणी पाहिलेलं नव्हतं. शेठ पैसे फिरवत.

"शेठ, तुम्ही किती टक्क्यांनी देता?" दातवाल्यांनी सहज विचारलं.

"आपल्या माणसाला तीन."

दातवाल्यांच्या हातातली प्लास्टरची वाटी निसटता निसटता राहिली. "तीन? बँक तर अकरा मागते!"

"बँक आहे ती," शेठ म्हणाले. "तिथे सगळं वेगळं असतं."

शेठ एक अक्षरही खोटं बोलले नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. बँक टक्का म्हणते तेव्हा तो वर्षाचा असतो. शेठसारखा माणूस टक्का म्हणतो तेव्हा तो महिन्याचा असतो. दोघंही म्हणतात मात्र नुसतंच 'टक्का', कारण दोघांनाही वाटतं की समोरच्याला एवढं कळत असेल! शेठचे तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस. गल्लीतल्या कुठल्याही भाजीवालीने हे सांगितलं असतं, पण भाजीवालीला विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं.

"अगं, तीन टक्के!" रात्री जेवताना दातवाले ताटावर बोट आपटत म्हणाले. "अकरातून तीन गेले की आठ. आठ टक्के फायदा बसल्या जागी!"

बायकोने विचारलं, "तीन महिन्याला का वर्षाला?"

दातवाले घास हातात धरून हसले. चांगले खो खो हसले. "अगं, टक्का म्हणजे टक्का! शंभरातला एक. तो काय महिन्याला एक आणि वर्षाला दुसरा असतो? मीटर उन्हाळ्यात लांब होतो का?"

"मला कळत नाही म्हणून विचारते."

"कळत नाही ना? मग झालं तर!"

तिला उत्तर माहीत होतं असं समजू नका. तिला खरंच माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. फरक एवढाच, की आपल्याला माहीत नाही हे तिला माहीत होतं. ती गप्प बसली, कारण लग्नापासून घरात पैशाचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि इतकं ठासून बोलणाऱ्या माणसाला माहीत असणारच असं तिला वाटलं. यात तिचं चुकलं असेल तर एवढंच चुकलं.

शेठना तारण हवं होतं. तारण म्हणजे खोली, आणि खोली म्हणजे बायकोची सही. दोघं फरशांच्या दुकानात गेले. शेठनी नव्या कवळीने हसून स्वागत केलं, चहा मागवला, कागद पुढे सरकवला. बायकोने पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"शेठ, हे तीन टक्के म्हणजे..."

शेठनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरंच उघडलं!

"तिचं मनावर घेऊ नका, शेठ!" दातवाले मध्येच म्हणाले. "तिला त्यातलं कळत नाही. दिवसभर पेशंटला टोचतंय का, टोचतंय का विचारून सवय लागलीय!"

शेठ हसले. दोन्ही कवळ्या टक् करून मिटल्या. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, तेही बारीक अक्षरात नव्हे, चांगलं ठळक. पण कागद वाचायचा तो ज्याला कळत नाही त्याने, असं दातवाल्यांचं मत होतं आणि कागद त्यांच्या हातात होता. बायकोने सही केली. सही करताना तिला वडिलांचं वाक्य आठवलं, पण वडिलांचं वाक्य हा काही मुद्दा नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं.

भट्टी आली. आणि भट्टीच्या आधी तिची बातमी सलूनमध्ये पोहोचली.

"तीन टक्के!" दातवाले आरशातल्या सलूनवाल्याला म्हणाले. "ओळख लागते म्हणा. पण तुमच्यासाठी टाकतो शब्द."

सलूनवाल्याला दोन फिरत्या खुर्च्या घ्यायच्या होत्या. बाकावर दातवाल्यांचा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, आणि त्याला जुनी देऊन नवी व्हॅन हवी होती.

"दाजी, तीन म्हणजे..." मेहुण्याने सुरुवात केली. दोघांनीही त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तीन म्हणजे काय?"

"तीन म्हणजे... फारच कमी!" मेहुणा घाईघाईने म्हणाला.

"मग!" सलूनवाला म्हणाला. त्यालाही नेमकं तेच विचारायचं होतं, पण आता विचारायची सोय राहिली नाही. तिघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. त्या दिवशी त्या सलूनमध्ये तीन पुरुष होते, तिघांनाही काही माहीत नव्हतं आणि तिघांचंही एकमत झालं!

रात्री सलूनवाल्याच्या घरी त्याच्या बायकोने विचारलं, "महिन्याला का वर्षाला?" मेहुण्याच्या घरी त्याच्या बायकोने विचारलं, "महिन्याला का वर्षाला?" दोन्ही घरांत दातवाल्यांचं उत्तर जसंच्या तसं गेलं, मीटरच्या उदाहरणासकट, आणि दोघांनीही शेठकडून पैसे उचलले.

महिना संपला आणि शेठचा माणूस दारात उभा राहिला. उंच, अबोल, बगलेत छत्री. पंधरा हजार मागितले.

दातवाल्यांनी भराभर हिशेब केला. पाच लाखांचे तीन टक्के, पंधरा हजार. बरोबर! "वर्षाचं व्याज पहिल्याच महिन्यात घेतात वाटतं," ते बायकोला म्हणाले. "बरंच झालं, एकदाची कटकट गेली. आता वर्षभर बघायला नको!" त्यांनी नोटा मोजून दिल्या. माणूस 'बरं' म्हणून गेला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. पुन्हा पंधरा हजार.

आता कुणीही विचारलं असतं, हे कसले? पण विचारलं की माणूस उघडा पडतो. दातवाल्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मुद्दल!" ते बायकोच्या कानात कुजबुजले. "व्याज फिटलं ना, आता मुद्दल वळतं करून घेतोय. हप्ताही तेवढाच ठेवलाय, लक्षात ठेवायला सोपा. शेठ म्हणजे देवमाणूस!"

"एकदा विचारून तर घ्या त्याला."

"काय विचारू? 'तुम्ही मला का बरं मदत करताय' असं विचारू?"

बायको मग स्वतःच दाराकडे निघाली, पण तोवर माणूस छत्री उघडून रस्त्यात पोहोचला होता. आणि दातवाले म्हणाले, "माझी शोभा करायची आहे का तुला चारचौघात?" ती परत टेबलाशी येऊन बसली. पुढे कित्येक दिवस तिला तो उंबरठा आठवायचा. चार पावलं टाकली असती तर, असं वाटायचं.

भट्टी चालत होती, पण मलिदा काही दिसत नव्हता. येईल तो पैसा छत्रीवाला घेऊन जाई. उरलेलं विजेच्या बिलात जाई, कारण भट्टी वीज खात होती, तीही अधाशासारखी. बायको दिवे लागल्यावरही पॉलिशच्या मोटरवर बसू लागली. तिच्या बोटांची टोकं घासून इतकी गुळगुळीत झाली, की मोबाईलला तिचा अंगठा ओळखू येईना! दातवाल्यांना याचं फार हसू आलं. तिलाही आलं, पण थोडा वेळच.

असे आठ महिने गेले. एका सकाळी दातवाल्यांनी पाटीवर खडूने हिशेब मांडला आणि टाळी वाजवली. "अगं, आपण फार पुढे निघालोय! मुद्दलातले लाखाच्या वर फिटले. एवढी घाई कशाला? चार-सहा महिने थांबू. तेवढ्यात हातात पैसा खेळेल."

"थांबलं तर चालतं का?"

"आगाऊ भरलेल्याला कोण विचारतो!"

छत्रीवाला आला तेव्हा दातवाले खुर्चीत रेलून म्हणाले, "आता सावकाश या. थंडीत या!" तो त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग 'बरं' म्हणून गेला. दातवाल्यांनी त्याच संध्याकाळी सलूनवाल्याला आणि मेहुण्यालाही सल्ला दिला, की अहो, आगाऊ कशाला भरताय, थांबा जरा. दोघांनी माना डोलावल्या. दोघांनाही हप्ते झेपत नव्हते आणि थांबायला सांगणारा कुणीतरी त्यांना हवाच होता. आता तिघंही थांबले.

थांबल्याच्या पाचव्या महिन्यात शेठ स्वतः आले. वरची कवळी टोचत होती. बसवली तेव्हा अर्थातच 'एकदम मस्त' म्हणाले होते.

बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं, निळा कागद ठेवला, चावायला लावलं. ठिपका मागच्या दाढेवर होता. तिने कवळी काढली आणि मोटरपाशी नेली. दात गेल्यावर शेठचा चेहरा निम्मा झाला. आता तोंडाचं बोळकं घेऊन ते दातवाल्यांकडे वळले.

"मग, बाकीचं कशं काय?"

"उत्तम, शेठ! थंडीत उरलेलं मुद्दल एकदम देऊन टाकायचा विचार आहे."

"शगळं? पाच लाख?"

"पाच कशाला? उरलंय तेवढं! चारेक लाख."

शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. "मुद्दल तुम्ही कधी दिलंत? तुम्ही व्याज देत होता. तेही पाच महिने बंद आहे."

"व्याज? व्याज तर पहिल्याच महिन्यात फिटलं!"

"पहिल्या महिन्याचं."

"वर्षाचं!"

"महिन्याचं," शेठ म्हणाले. "थीन टक्के. महिन्याला."

पॉलिशची मोटर बंद झाली. फळीवरचे जबडे तेवढे हसत राहिले. दातवाल्यांची दातखिळी बसली. दात बनवणाऱ्याची दातखिळी बसली, असं सांगून मला हसवता आलं असतं, पण त्या वेळी त्या खोलीत कुणालाही हसू येत नव्हतं. त्यांचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला. ते म्हणाले, "पण... टक्का म्हणजे टक्का..."

शेठनाही वाईट वाटलं असावं. ते बायकोकडे वळले. "ताई, तुम्ही तेव्हा विचारलं होतंत. मी शांगणारच होतो. पण हेच म्हणाले, हिला कळत नाही." मग दातवाल्यांकडे बघून म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला कळतं!"

बायकोच्या हातात शेठची कवळी होती. तिने ती फरशीवर आपटली असती, तर कुणी तिला दोष दिला नसता. तिने ती धुतली, पुसली, आणून त्यांच्या तोंडात बसवली.

"चावा. टोचतंय का?"

"एकदम मस्त!"

"नीट सांगा," ती म्हणाली. "मी विचारते तेव्हाच सांगा. नंतर उपयोग नसतो."

खोली गेली. मधल्या धावपळीचं सांगत बसत नाही. वकील म्हणाला कागद पक्का आहे, आणि तेवढं म्हणायचे त्याने पैसे घेतले. भट्टी त्याच मोठ्या लॅबने निम्म्या किमतीत उचलली. ते पैसे शेठच्या मुद्दलाला आणि थकबाकीला मिळून पुरले नाहीत. मेहुण्याची नवी व्हॅन गेली आणि जुनी तर आधीच देऊन झालेली. आता तो दुसऱ्याची व्हॅन चालवतो, आणि बहिणीकडे येणं त्याने बंद केलं. दाजींवर राग होता, पण न येण्याने तुटली ती बहीण. सलूनच्या फिरत्या खुर्च्या गेल्या, त्यांच्याबरोबर एक जुनीही गेली.

सामान हलवायच्या दिवशी बायकोने भिंतीवरच्या खुंट्या पकडीने ओढून काढायचा प्रयत्न केला. त्या निघाल्या नाहीत. वडिलांनी पक्क्या ठोकल्या होत्या. तिने किल्ली छत्रीवाल्याच्या हातात दिली आणि पायरीवर बसून रडली. दातवाले शेजारी उभे होते. त्यांना वाटलं, ती आता बोलेल. घालून पाडून बोलेल, तेच बरं.

ती म्हणाली, "मी आणखी एकदा विचारायला हवं होतं."

दातवाल्यांना त्यापेक्षा मार परवडला असता.

आता दात स्वयंपाकघराच्या ओट्यावर तयार होतात. डबे एका बाजूला, जबडे दुसऱ्या बाजूला. चहात कधी कधी प्लास्टरची पूड येते, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. पॉलिशची मोटर न्हाणीघरात लावली आहे. दातवाले पैशातलं काही बोलत नाहीत. खरं म्हणजे काहीच बोलत नाहीत.

बायकोच एक दिवस म्हणाली, "बँकेत जाऊ. भाड्याची एखादी खोली मिळाली तर बघू. त्या बाईंना विचारू."

त्याच बाई होत्या. बायकोने विचारायला सुरुवात केली. हे म्हणजे काय? ते कशाला? महिन्याला का वर्षाला? कुणी मध्ये बोललं नाही. बाईंनी चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे शनिवारी वर्ग असतो. पैशाचे व्यवहार, व्याज, कर्ज, कागद कसा वाचायचा. फुकट आहे. या तुम्ही. महिलांसाठी आहे."

"येते," बायको म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आणि पुरुषांसाठी कधी असतो?"

बाई हसल्या. "पुरुषांसाठी नाही ठेवलेला. एकदा ठेवला होता, कुणी आलंच नाही. आणि त्यांना काय, त्यांना येतंच असतं!"

बायकोने दातवाल्यांकडे पाहिलं. ती वाट बघत होती. पेशंटच्या तोंडात कागद ठेवून बघते तशीच, शांतपणे. सांगा, कुठे टोचतंय?

दातवाल्यांच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं!

"हो, हो," ते म्हणाले. "येतंच."

शनिवारी ते तिला सोडायला गेले. वर्गाचं दार काचेचं होतं. आत वीसेक बायका, फळ्यावर बाई काहीतरी लिहीत होत्या. मेहुण्याची बायको होती, तिने नणंदेसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. दार मिटलं. आतलं दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं.

बाहेर बाक होता. बाकावर सलूनवाला बसला होता. या सगळ्यानंतर दोघं पहिल्यांदाच असे समोरासमोर आले होते.

"बायकोला सोडायला आलोय," सलूनवाला घाईने म्हणाला.

"मीही."

दोघं काचेकडे बघत बसले. आत दातवाल्यांच्या बायकोने हात वर केला. काहीतरी विचारलं. बाईंनी फळ्यावर एक रेघ मारली आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे लिहिले. पाठीमागच्या बायकांनी माना पुढे काढल्या. दातवाल्यांनीही काढली, आणि त्यांचं कपाळ काचेवर आपटलं.

"काय शिकवतात हो आत?" सलूनवाल्याने विचारलं. "काय आहे ते फळ्यावर?"

दातवाल्यांनी तोंड उघडलं. जुनी सवय घशापर्यंत आली. ती त्यांनी गिळली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले, आणि निघताना हिरडी सोलल्यासारखं झालं.

"मला माहीत नाही."

सलूनवाल्याने बाकाच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि अगदी जवळ सरकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"असं करू नका, दातवाले. मागचं गेलं ते गेलं. सांगा ना... दोन टक्क्यांनी कोण देतंय?"